कुपवाड: शब्द तीन घरांचे, व्याकरण एका गावाचं
सांगलीजवळचं कुपवाड भाषाविज्ञानात जगभर ओळखलं जातं, माहीत होतं? जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली इथल्या मराठी, कन्नड, उर्दूवर निबंध प्रसिद्ध केला. मराठी बोलणारा म्हणतो, 'पाला जरा कापून घेऊन आलो'. तिथली उर्दू म्हणते, 'पाला जरा काट के ले के आया'. कन्नड वाक्याचाही साचा हाच! आणि कन्नड तर द्राविडी, म्हणजे कुळच वेगळं. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून, रोज शेतात-बाजारात एकमेकांशी बोलून व्याकरणं जुळत गेली. शब्द मात्र प्रत्येकानं बहुतांशी आपापले राखले, कारण घरातली, समाजातली ओळख त्यांच्यातच होती. शब्द सहज उसने येतात, व्याकरण हलत नाही, असंच मी समजत होतो. कुपवाडात नेमकं उलटं घडलं!