वाळूतली मोटार

दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांच्या सीमेवरील कगालागाडी उद्यानात प्रवासी स्वतः मोटार हाकीत सिंह पाहतात. तेथे चाक वाळूत रुतले, तर उतरून ढकलणे जिवावर बेतायचे! म्हणून जाणकार प्रवासी आधीच टायरमधील हवा कमी करतात. उफराटे वाटते ना? हिशेब करून पाहा. मोटारीचे वजन २००० किलोग्रॅम आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम असेल, तर चारही टायर मिळून सुमारे १००० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतात. दाब १.५ केला, की सुमारे १३३३. भार तोच, पण जास्त वाळूवर विभागलेला. उंटाचा पसरट तळवा हेच करतो. मात्र डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी लागते. वेगात मऊ टायर सारखा दबून तापतो आणि फुटूही शकतो.