घारापुरीचा हत्ती घडवणारे अनाम हात

नवी मुंबईच्या किनाऱ्यासमोर, न्हावा-शेवा बंदराच्या अगदी जवळ असलेले घारापुरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. तेथील शैव लेण्यांना युनेस्कोने 1987 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली; मात्र या बेटाला पोर्तुगिजांनी दिलेले एलिफंटा हे नाव लेण्यांवरून पडलेले नसून, बेटावरील राजबंदर वस्तीच्या बाजूला एकेकाळी उघड्यावर उभ्या असलेल्या एका दगडी हत्तीवरून पडलेले आहे. सह्याद्री आणि कोकणातील खेडोपाडी ज्या पाथरवटांनी, म्हणजे दगड घडवून पोट भरणाऱ्या कारागिरांनी, नंदी, कासव, हत्ती आणि वाघ घडवले, त्यांच्या कलेचा विचार करताना हा हत्ती सर्वांत आधी पाहावा लागतो.

लेणे डोंगराच्या पोटात कोरले जाते. हा हत्ती मात्र काळ्या कातळाच्या एका सुट्या शिळेतून चारही बाजूंनी घडवलेला होता. त्याची लांबी सुमारे 13 फूट आणि उंची सुमारे 7 फूट भरे. त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी कोरलेला होता, ज्याला जुन्या वर्णनकारांपैकी कोणी हत्तीचे पिलू म्हटले, तर कोणी वाघ. 17 व्या शतकातील इंग्रज प्रवाशांनी बेटावर दगडी घोडाही पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, परंतु तो पुढे नाहीसा झाला.

ही शिळा बेसाल्टची, म्हणजे लाव्हा थिजून तयार झालेल्या खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून तयार झालेला हा खडक अत्यंत कठीण असतो. तो संगमरवरासारखा सहजी कापला जात नाही, आणि त्यात थंड होताना पडलेल्या चिरा वरून दिसतीलच असेही नाही. म्हणून जाणता पाथरवट आधी हातोडीने दगड वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तर दगड अखंड, आणि बद्द आवाज आला तर आत चीर किंवा पोकळी आहे असे तो समजतो. त्यानंतर गेरूने आकृती आखली जाते, घण आणि पहारीने नको असलेला भाग उडवला जातो, आणि मग छिन्नी-हातोड्याने टवका टवका काढत अंग, कान, सोंड बाहेर आणली जाते. घाव चुकला तर उडालेला भाग परत जोडता येत नाही, त्यामुळे प्राणी कोणत्या ठेवणीत उभा करायचा हे बरेचसे दगडच ठरवतो. जाड पायांचा हत्ती, बसलेला नंदी आणि पाय आखडून घेतलेले कासव बेसाल्टमध्ये पिढ्यान् पिढ्या टिकतात, ते याच कारणाने.

दगडावर प्राणी रेखण्याची कोकणातील परंपरा तर घारापुरीहूनही कितीतरी जुनी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जांभ्या सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे सपाट खडकात खोदलेल्या आकृती आढळतात. त्यांतील कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब असून त्याच्या देहाच्या आत इतर प्राणी आणि जलचर कोरलेले आहेत. याउलट जंजिरा किल्ल्याच्या दरवाजावरचा सहा हत्तींना जखडणारा शरभ, म्हणजे एक काल्पनिक पशू, सत्तेची घोषणा करण्यासाठी कोरला गेला. जे प्राणी पाहिले ते आणि जे कल्पिले ते, अशी दोन्ही रूपे या मातीतील कारागिराने सारख्याच ताकदीने उतरवली.

घारापुरीच्या हत्तीचे पुढे हाल झाले. 1814 साली त्याचे डोके आणि मान गळून पडली, पुढे धडही कोसळले, आणि 1864 च्या सुमारास तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला तेव्हा उचलणारी क्रेन तुटून त्याचे आणखी तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत राहिले, 1914 साली कॅडेल आणि ह्युएट यांनी ते जोडले, आणि आज हा हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तुकडे जोडणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. शिळा निवडणारा, ती वाजवून पाहणारा आणि तिच्यातून हत्ती काढणारा मात्र अनाम राहिला.

हा अन्याय जुना असला तरी संपलेला नाही. पारसिक डोंगररांगेच्या पायथ्याशी, तुर्भे-शिरवणे भागातील खाणींतून निघालेल्या दगडावर नवी मुंबईचे रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या. तेथे राबलेल्या वडार समाजाच्या मजुरांकडे दगडाची पिढीजात जाण होती, परंतु शहराला त्यांच्याकडून मूर्ती नको होती, खडी हवी होती. त्या कामाने त्यांना दगडाची धूळ दिली, जी वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार जडू शकतो. आज शहरातील चौकांत फ्लेमिंगोंच्या प्रतिकृती दिसतात. त्या पक्ष्याचे काडीसारखे पाय बेसाल्टला पेलणारे नाहीत, म्हणून तेथे धातू किंवा फायबर वापरणे योग्यच आहे. परंतु कोल्हा, रानडुक्कर, घोरपड किंवा खाडीतील खेकडा दगडात उत्तम उतरू शकतात, आणि ते उतरवू शकणारे हात अजून पुरते नाहीसे झालेले नाहीत. महापालिकेने आणि सिडकोने उद्यानांसाठी प्राणिशिल्पे घेताना काही कामे तरी या पाथरवटांना द्यावीत, त्यांना धुळीपासून संरक्षण द्यावे, आणि प्रत्येक शिल्पाच्या बैठकीवर ते घडवणाऱ्याचे नाव न चुकता कोरावे.