चित्र कोणाचें, नांव कोणाचें?

गेल्या वर्षींच्या अंकांत आमच्या शाळेच्या मुलींच्या खोखो संघाचें छायाचित्र छापलें होतें. चित्र स्वच्छ उमटलें होतें. त्याखालीं आम्हीं ‘आमचा विजयी संघ’ एवढेच शब्द घातले आणि संपादकाचें कर्तव्य पार पडलें असें मानलें. अंक वांटून चार दिवस झाले नाहींत तोंच एका पाड्यावरून एक बाई चालत शाळेंत आल्या. अंक त्यांनीं जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून आणिला होता. चित्रांतील एका मुलीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “गुरुजी, ही पोर माझी हाय, हे मला ठावं हाय. पन ज्याला ठावं नाय त्याला कसं कळंल? हितं तिचं नाव का नाय?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. जागा अपुरी होती असें सांगतां आलें असतें. परंतु त्याच पानावर पाहुण्यांचीं व देणगीदारांचीं नांवें त्यांच्या पदव्यांसह छापलेलीं होतीं. ज्या मुली धांवल्या त्यांच्यापुरतीच काय ती जागा संपली होती!

पुढें पावसाळ्यांत दहावीच्या कांहीं मुलांनीं मोबाईलवर एका अमेरिकन व्हिडिओ गेमचीं दृश्यें पाहिलीं व आम्हांस विचारलें, “गुरुजी, हा फुटबॉल कीं मारामारी?” त्यांस उत्तर द्यावें म्हणून आम्ही त्या खेळाची माहिती काढूं लागलों, तेव्हां आढळलें कीं, त्या बाईंचा प्रश्नच ह्या खेळाच्या मुळाशीं आहे. त्याच प्रश्नापायीं तो अकरा वर्षें बंद राहिला आणि त्याच्या उत्तरानेंच तो पुन्हा सुरू झाला. म्हणून मुलांच्या व त्या बाईंच्या, अशा दोन्ही प्रश्नांचा विचार आम्ही येथें एकत्र करीत आहों.

प्रथम मैदानावरील खेळ समजून घेऊं. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. त्याचा चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि तो बहुधा हातांत घेऊन पळावयाचें असतें. ज्यानें हुतूतू, म्हणजे आतांची कबड्डी, खेळली आहे त्यास हें समजणें कठीण नाहीं. कबड्डींत चढाईस गेलेल्या गड्यास प्रतिपक्ष पकडतो व मध्यरेषेकडे परतूं देत नाहीं. येथें चेंडू घेतलेला गडी पुढें पळतो व प्रतिपक्षाचे अकरा गडी त्यास पाडण्यास धांवतात. कबड्डींत दम ही मर्यादा असते. येथें चार प्रयत्न ही मर्यादा असते. चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढें सरकल्यास आणखी चार प्रयत्न मिळतात. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. शंभर यार्डांच्या मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेल्यास सहा गुण मिळतात. धडका जबर असतात, म्हणून गडी शिरस्त्राण घालतात व खांद्यांवर जाड कवच बांधतात. तेव्हां ही मारामारी नव्हे. परंतु नियम नसते तर ती मारामारीच झाली असती.

आणि एके काळीं ती तशी झालीही होती. महाविद्यालयांमधील पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स व प्रिन्स्टन यांच्यांत झाला. पुढें खेळ इतका दांडगा झाला कीं त्यांत विद्यार्थ्यांचे प्राण जाऊं लागले. १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजाविलें. १९०६ मध्यें चेंडू पुढें फेकण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षीं महाविद्यालयीन खेळांचें नियमन करणारी एक संस्था स्थापन झाली. तीच पुढें एनसीएए या नांवानें प्रसिद्ध झाली. खेळाडूंचें रक्षण हा जिच्या जन्माचा हेतु, तिच्याविरुद्धच पुढें खेळाडूंस न्यायालयांत जावें लागलें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ह्या खेळाचें तेथील वैभव आपणांस स्वप्नवत् वाटेल. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. आपल्या मुंबईच्या वानखेडे मैदानांत सुमारें तेहतीस हजार मावतात. तिकिटें, दूरचित्रवाणी व जाहिराती यांतून मिळणारा पैसा अफाट. शिक्षकांहून, किंबहुना कुलगुरूंहूनही, फुटबॉलच्या प्रशिक्षकाचें वेतन पुष्कळदां अधिक असतें. ज्यांच्या धडकांवर हें सर्व उभें, त्या विद्यार्थ्यांस मात्र शिष्यवृत्ति, म्हणजे शिक्षण व राहण्याखाण्याची सोय, एवढेंच मिळे. वेतन घेण्यास त्यांस बंदी होती.

आतां पडद्यावरील खेळाकडे वळूं. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स नांवाची कॅलिफोर्नियांतील कंपनी १९९३ पासून महाविद्यालयीन फुटबॉलचे व्हिडिओ गेम काढीत असे. अशा खेळांत प्रत्येक गड्यास वेग, बळ, चपळाई, सावधपणा इत्यादि अनेक विषयांत गुण दिलेले असतात. मौज अशी कीं, तेथें पूर्ण गुण नव्याण्णव; शंभर कोणासच नाहींत! दोन गडी भिडले कीं संगणक त्यांच्या गुणांची क्षणार्धांत तुलना करितो, त्यांत थोडा योगायोग मिसळतो, आणि कोण पडला व कोण निसटला तें ठरवितो. हीं सर्व गणितें पडद्यामागें चालतात. खेळणारास दिसतो तो केवळ पळणारा गडी.

हा गडी कोण? येथेंच गोम होती. त्या काळच्या खेळांत गड्यांस नांव नसे. परंतु अमुक विद्यापीठाच्या अमुक क्रमांकाच्या गड्याची उंची, वजन, वर्ण व त्याचें मूळ राज्य हीं सर्व खऱ्या विद्यार्थ्याशीं तंतोतंत जुळत. चित्र होतें, नांव तेवढें वगळलें होतें. कारण नांव घातलें तर अनुमति घ्यावी लागेल व मोबदला द्यावा लागेल.

एड ओबॅनन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेचे नामांकित बास्केटबॉलपटू. त्यांच्या संघानें १९९५ सालीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें होतें. पुढें एका मित्राच्या घरीं मित्राचा मुलगा त्याच कंपनीचा बास्केटबॉलचा गेम खेळत असतां त्यांस पडद्यावर स्वतःचें रूप दिसलें. तोच ३१ क्रमांक, तोच डाव्या हातानें चेंडू टाकणारा उंच गडी! २००९ सालीं त्यांनीं दावा लावला. त्याच वर्षीं सॅम केलर ह्या फुटबॉलपटूनेंही फुटबॉलच्या गेमवरून दावा लावला होता.

प्रतिपक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : विद्यार्थी हा आधीं विद्यार्थी आहे, त्यास पैसा दिला तर तो नोकर होईल, विद्या मागें पडेल आणि खेळाची निर्मळता नष्ट होईल. हें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. खेळाच्या वेडानें पुस्तक दूर सारलेलीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु निर्मळतेचा नियम सर्वांस सारखा असावा. संस्थेनें, प्रशिक्षकानें व कंपनीनें द्रव्य मिळवावें, आणि निःस्पृहतेचें व्रत मात्र एकट्या विद्यार्थ्यानें पाळावें, ह्यास व्रत म्हणतां येत नाहीं.

२०१३ च्या जुलैंत निघालेला गेम हा जुन्या मालिकेंतील शेवटचा ठरला. पुढचा कंपनीनें रद्द केला. २०१४ सालीं न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनीं, खेळाडूंस त्यांच्या नांवाचा व प्रतिमेचा मोबदला घेऊं न देणें हें बाजारांतील स्पर्धेच्या कायद्याचें उल्लंघन आहे, असा निकाल दिला. वरिष्ठ न्यायालयानें त्यांतील कांहीं भाग बदलला, तरी मुख्य निष्कर्ष कायम राहिला. गेमविषयींच्या दाव्यांत एकंदर सहा कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. अखेर १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंस आपल्या नांवावर व प्रतिमेवर पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली.

त्यानंतर १९ जुलै २०२४ रोजीं ‘कॉलेज फुटबॉल २५’ ह्या नांवानें तो गेम परत आला. त्यांत १३४ विद्यापीठांचे संघ होते. प्रत्येक विद्यार्थी खेळाडूस विचारण्यांत आलें : तुझें नांव व रूप वापरूं काय? होकार देणारास सहाशे डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें पन्नास हजार रुपये, व गेमची एक प्रत देण्यांत आली. दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं होकार दिला. जे ‘नको’ म्हणतील त्यांच्या जागीं काल्पनिक गडी घालावयाचा, असें ठरलें होतें.

नव्या गेमच्या इतर नवलाईही सांगण्याजोग्या आहेत. मोठ्या क्रीडांगणांत पाहुण्या संघाचा नवखा गडी असला कीं प्रेक्षकांच्या गर्जनेनें पडदा थरथरतो व त्यास दाखविलेल्या मार्गाच्या रेषा वांकड्यातिकड्या होतात. भांबावलेल्या मनाचें हें चित्र कोणत्याही परीक्षार्थ्यास पटेल! गड्यास बसलेल्या धडकांचा हिशेब अवयवशः ठेविला जातो. ज्या खांद्यावर वारंवार मार बसला तो पुढें दगा देतो. एका प्रकारांत खेळणारा स्वतः विद्यार्थी होतो, आणि अभ्यास, सराव, विश्रांति व लौकिक यांत त्यास आठवड्याचा वेळ वांटावा लागतो. तेथेंही अभ्यासाकडे पाठ फिरवून भागत नाहीं. १० जुलै २०२५ रोजीं निघालेल्या पुढील आवृत्तींत संघ १३६ झाले, तीनशेंहून अधिक खरे प्रशिक्षक आपल्या नांवांनिशीं आले, आणि विद्यार्थ्याची वाटचाल माध्यमिक शाळेपासून आरंभ करण्याची सोय झाली. परंतु आमच्या मतें सर्वांत मोठी नवलाई एकच : सदऱ्यावरील क्रमांकाच्या जोडीस माणसाचें नांव आलें.

सहाशे डॉलर पुरेसे होते काय? तो गेम त्या वर्षीं अमेरिकेंत सर्वाधिक खपलेल्या गेमपैकीं एक ठरला. तेव्हां हा मोबदला फार तोकडा, असें म्हणणारे तेथें पुष्कळ होते. जून २०२५ मध्यें त्याच न्यायाधीशबाईंनीं मंजूर केलेल्या दुसऱ्या एका तडजोडीनें, २०२५-२६ ह्या वर्षीं प्रत्येक विद्यापीठास आपल्या खेळाडूंत सुमारें दोन कोटी पांच लाख डॉलरपर्यंत रक्कम वांटण्याची मुभा मिळाली. पैशाचा वाद अशा रीतीनें पुढें चालूं आहे. परंतु ‘आधीं विचारावें’ हा नियम आतां मागें फिरणार नाहीं.

शहापूर तालुक्यांतील मुलांस हें निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. तानसा व भातसा ह्या आपल्या धरणांचें पाणी मुंबईस जातें. तानसाचें तर १८९२ पासून. आणि उन्हाळ्यांत त्याच तालुक्यांतील पाडे टँकरची वाट पाहतात. जेथून घेतलें तेथल्यांची आठवण ठेवणें, हा खेळापुरता नियम नव्हे.

हा विषय केवळ नामांकित खेळाडूंचाही नव्हे. संगणकानें आपल्या आवाजाची नक्कल करून वापरणाऱ्यांविरुद्ध गायक अरिजित सिंग यांस २०२४ मध्यें व आशा भोसले यांस २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें संरक्षण दिलें. गायकाचा गळा ही त्याची स्वतःची मिळकत आहे, हें त्यावरून स्पष्ट झालें. आपल्या देशाच्या २०२३ सालच्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यांत, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची संमति घ्यावी, अशी तरतूद आहे. म्हणून विद्यार्थ्यांनो, सोबत्याचें छायाचित्र मोबाईलवरून चार लोकांस धाडण्यापूर्वीं त्यास विचारा. आणि पालकहो, आपल्या मुलांचें चित्र कोणी मागितलें तर तें कशासाठीं हवें, हें विचारण्यास संकोच करूं नका. पाड्यावरच्या त्या बाईंनीं तो केला नाहीं, म्हणून आमचे डोळे उघडले.

यंदा खोखो संघाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं आम्हीं बाराही घरीं निरोप धाडला. अकरा घरून होकार आला. एका वडिलांनीं कळविलें कीं, मुलीचें नांव छापा, चित्र नको. वाचकांनीं पुढील पान उलटलें म्हणजे त्यांस चित्रांत अकरा मुली दिसतील व खालीं बारा नांवें आढळतील. मोजण्यांत चूक झालेली नाहीं.