रेझोल्यूट ते ग्रीस फियोर्ड : एक आकाशमार्ग

कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील द्वीपसमूहांत रेझोल्यूट व ग्रीस फियोर्ड हीं दोन चिमुकलीं गांवें आहेत. पहिलें कॉर्नवॉलिस बेटावर, दुसरें एल्समेअर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर. २०२१ च्या शिरगणतींत पहिल्याची वस्ती १८३ व दुसऱ्याची १४४ भरली. तेथील इनुइट लोक पहिल्यास 'जेथें पहाट होत नाहीं तें स्थळ' व दुसऱ्यास 'जें कधीं वितळत नाहीं तें स्थळ' अशा अर्थाचीं नांवें देतात.

या दोहोंत अंतर तरी किती? भिंतीवरील नकाशावर विसंबणारा येथें हमखास फसेल. दोहोंच्या रेखांशांत सुमारें १२ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एवढ्या फरकाचे १३०० हून अधिक किलोमीटर होतात. परंतु संत्र्याच्या फोडी जशा देठापाशीं निमुळत्या होतात, तशीं रेखावृत्तें ध्रुवाकडे जातां जातां जवळ येतात. ७५ अंशांपलीकडे एक अंश जेमतेम २८ किलोमीटरांचा उरतो. म्हणून पूर्वपश्चिम अंतर सुमारें ३३०, दक्षिणोत्तर अंतर सुमारें १९०, आणि या दोन बाजूंचा कर्ण, म्हणजेच सरळ आकाशमार्ग, सुमारें ३८० किलोमीटर होतो.

रस्ता मुळींच नाहीं. मालाचें जहाज उन्हाळ्यांतच येऊं शकतें. एरव्हीं भिस्त 'ट्विन ऑटर' या दोन एंजिनांच्या लहान विमानावर. ग्रीस फियोर्डची खडीची धावपट्टी आखूड असून डोंगर तिला खेटून आहेत. असल्या जागीं उतरणें याच विमानास साधतें. ताशीं २७० किलोमीटर वेग धरल्यास प्रवास १ तास २४ मिनिटांचा. समोरून ताशीं ५० किलोमीटर वारा असेल तर १ तास ४४ मिनिटें; तोच पाठीशीं असेल तर १ तास ११ मिनिटें. चुंबकीय ध्रुवाच्या सान्निध्यामुळें होकायंत्राची सुई येथें भरंवशाची नसते. म्हणून वैमानिक खऱ्या उत्तरेवरून दिशा मोजतात. हिवाळ्यांत तीन महिन्यांहून अधिक काळ सूर्य क्षितिजावर येत नाहीं. धुकें वा हिमवादळ आलें कीं तासांचे दिवस होतात, आणि गांवांतील आजाऱ्यालाही विमानाची वाट पाहावी लागते.

या ३८० किलोमीटरांना एक दुःखाची बाजूही आहे. १९५३ मध्यें कॅनडाच्या सरकारनें क्वेबेकच्या उत्तर भागांतील इनुक्जुआक येथून कांहीं इनुइट कुटुंबें सुमारें २००० किलोमीटर उत्तरेस हलविलीं. दोन वर्षांनीं परत जातां येईल असें आश्वासन त्यांना मिळालें होतें. तें पाळलें गेलें नाहीं. आपली ताटातूट होऊन कांहींना कॉर्नवॉलिस व कांहींना एल्समेअर बेटावर उतरविलें जाणार, हें त्यांना जहाजावर चढल्यानंतर कळलें. सरकारनें याबद्दल क्षमा मागितली ती १८ ऑगस्ट २०१० रोजीं.

आज दीड तासांत ओलांडला जाणारा हा टापू त्या काळीं आप्तांना आप्तांपासून वर्षानुवर्षें दूर ठेवण्यास पुरेसा होता. अंतर किलोमीटरांनीं मोजलें जातें खरें. परंतु तें जवळ कीं दूर, हें ओलांडण्याच्या साधनावरच ठरतें.