लहान व्यावसायिकानें संकेतस्थळाचें साधन कसें निवडावें?

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. भोपळा पारखणारा, लांकूड तासणारा व जवारी लावणारा तेथील कारागीर आपल्या कामांत कोणास हार जाणार नाहीं. परंतु त्याचें गिऱ्हाईक आतां मिरजेच्या बाजारांत येऊन वाद्य घेणारेंच असतें असें नाहीं. तें पुण्यास असतें, कोलकात्यास असतें, समुद्रापलीकडेहि असतें, आणि वाद्याची चौकशी करावयाची तर प्रथम हातांतल्या मोबाईलवर दुकानाचें नांव शोधतें. तेथें चार वर्षांपूर्वींच्या किंमती व बंद पडलेला दूरध्वनि सांपडला, तर कारागिराच्या हातच्या गुणाची विचारपूस न करतांच तें दुसरीकडे वळतें. जी गोष्ट तंबोऱ्याची तीच घरगुती मसाल्यांची, शिकवणीच्या वर्गाची आणि पुस्तकबांधणीची. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरींहि असा एखादा उद्योग चालत असेल. संकेतस्थळ हवें हें बहुतेकांस पटलेलें असतें. तें कोणत्या साधनानें करावें येथें घोडें अडतें.

संकेतस्थळाचें पान म्हणजे मुळांत साधा मजकूरच. हा मथळा, हें चित्र, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, अशा खुणा त्यांत एचटीएमएल नांवाच्या पद्धतीनें घातलेल्या असतात, आणि वाचणाराच्या यंत्रांतील ब्राउझर त्या खुणा ओळखून पान मांडून दाखवितो. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९९० सालीं जो पहिला ब्राउझर तयार केला, त्यांत पान वाचतांहि येई आणि तेथल्या तेथें दुरुस्तहि करतां येई. वाचणारा निराळा व लिहिणारा निराळा हा भेद त्यांच्या मनांत नव्हता. पुढें १९९३ सालचा मोझेइक व त्याच्या मागून आलेले जे ब्राउझर घरोघर पोंचले, ते मुख्यतः वाचण्याचे. वाचन सर्वांच्या हातीं आलें, लेखन जाणत्यांकडे राहिलें. आणि ही तूट भरून काढण्यावरच संकेतस्थळ-संपादनाच्या सॉफ्टवेअरचा सारा व्यापार उभा आहे.

आरंभीचीं साधनें स्वतःच्या संगणकांत बसवावीं लागत. मायक्रोसॉफ्टनें १९९६ सालीं विकत घेतलेलें फ्रंटपेज हें त्यांतलें प्रसिद्ध. पत्र टंकावें तसा मजकूर टंकला कीं खुणा तें आपण होऊन घाली. तयार झालेलें पान मग दूरच्या सर्व्हरवर चढवावें लागे. पण सारी रचना त्या एका संगणकांत राही. संगणक बिघडला कीं दुरुस्तीहि खुंटली. फ्रंटपेज बंद करण्याचें मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं ठरविलें. १९९७ सालचें ड्रीमवीव्हर हें जाणत्यांचें हत्यार. दुकानदाराच्या हाताला तें जडच.

आजचे मार्ग मुख्यतः दोन. विक्स, स्क्वेअरस्पेस, गूगल साइट्स यांचा मार्ग सजविलेल्या भाड्याच्या गाळ्यासारखा आहे. कांहीं बसवावें लागत नाहीं. ब्राउझर उघडावा, तयार नमुना निवडावा, त्यांत आपला मजकूर व चित्रें घालावीं. दिवाबत्ती व राखण मालकाची. मात्र गाळा सोडतांना भिंती बरोबर नेतां येत नाहींत. विक्सवर रचलेलें पान विक्सच्याच सर्व्हरवर चालतें. बिऱ्हाड हलवावयाचें तर रचना नव्यानेंच करावी लागते. दुसरा मार्ग २००३ सालीं निघालेल्या वर्डप्रेसचा. हें सॉफ्टवेअर मोफत व खुलें आहे. कोणत्याहि सर्व्हरवर थोडी जागा भाड्यानें घेऊन तें बसवितां येतें, आणि पुढें सर्व संसार उचलून दुसरीकडे नेतांहि येतो. पण हें स्वतःचें घर, तेव्हां कौलें शाकारणें आलेंच. मूळ सॉफ्टवेअर व त्याला जोडलेले प्लगइन वेळच्या वेळीं अद्ययावत केले नाहींत, तर त्या फटींतून उपद्रवी लोक आंत शिरतात. २०१८ पासून त्याचें संपादन बरेंच सोपें झालें आहे. तरीहि देखभालीस माणूस नसेल तर, त्याची कीर्ति कितीहि मोठी असो, एकट्या दुकानदारानें त्याच्या वाटेस न गेलेलें बरें. वर्डप्रेस डॉट कॉमवर तेंच सॉफ्टवेअर देखभालीसह भाड्यानें मिळतें, ती मधली वाट होय.

गाळ्याचा मालकच दुकान मोडून गेला तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाहीं. १९९४ सालीं निघालेल्या जिओसिटीजवर असंख्य लोकांनीं हौसेनें पानें मांडलीं होतीं. याहूनें तें १९९९ सालीं विकत घेतलें आणि जपानखेरीज सर्वत्र २००९ सालीं बंद केलें. अगदीं अलीकडे, गूगलनें आपल्या बिझनेस प्रोफाइलबरोबर दुकानदारांस फुकट संकेतस्थळाची जी सोय दिली होती, ती मार्च २०२४ मध्यें थांबली. जूनपर्यंत जुन्या पत्त्यावर येणारास दुकानाच्या प्रोफाइलकडे पाठविलें जाई; नंतर तो पत्ता निर्जीव झाला. ज्यांनीं स्वतःचा पत्ता, म्हणजे डोमेन, निराळा घेतला होता त्यांना तो नव्या पानाकडे वळवितां आला. ज्यांनीं फुकट मिळालेलाच पत्ता पिशव्यांवर व पाटीवर रंगविला होता, त्यांना पिशव्या बदलाव्या लागल्या.

यास्तव साधन कोणतेंहि घ्या, डोमेन आधीं घ्यावें आणि तें स्वतःच्या नांवावर घ्यावें. डॉट इन आहे. देवनागरींत डॉट भारतहि २०१४ पासून मिळतें. नोंदणींतील ई-मेल व मोबाईल मालकाचेच असावेत. पुष्कळ ठिकाणीं हें काम घरांतला एखादा हुशार भाचा हौसेनें करून देतो. मग तो नोकरीनिमित्त बंगळूरास जातो आणि पासवर्डहि त्याच्याबरोबर जातो. भाच्याचा यांत दोष नाहीं.

आतां पारखीचा भाग. विकणारे प्रथम नमुने दाखवितात, आणि मोठ्या छायाचित्रांच्या त्या झळकत्या पानांवर मन बसतें. तीं पानें दुसऱ्याच्या चित्रांनीं शोभत असतात. आपलें चित्र घातल्यावर काय उरतें तें पाहावें. बहुतेक साधनें कांहीं दिवस फुकट वापरून पाहतां येतात किंवा मर्यादित स्वरूपांत फुकटच मिळतात. त्या अवधींत मालकानें, शेजारीं कोणी न बसवितां, स्वतः एक किंमत बदलावी, मोबाईलनें काढलेलें एक चित्र घालावें, ‘सोमवारीं दुकान बंद’ अशी ओळ लिहावी आणि तें सर्व मोबाईलवर कसें दिसतें तें पाहावें. मग आठ दिवस त्याकडे फिरकूं नये. आठ दिवसांनीं तीच कामें पुन्हां करावीं. धडा समजला कीं नाहीं हें शिकविल्या दिवशीं कळत नाहीं; मधें आठवडा गेल्यावर कळतें. वाट विसरली असेल तर, जाहिरात कांहींहि म्हणो, तें साधन त्या मनुष्यासाठीं सोपें नव्हे.

चित्र व अक्षरें हवीं तेथें सरकवितां येतात, हा गुण म्हणून सांगितला जातो. संगणकाच्या रुंद पडद्यावर नीट बसविलेली अशी मांडणी मोबाईलच्या अरुंद पडद्यावर एकमेकींवर चढते. कमी मोकळीक देणारें साधन नवख्याला अधिक सांभाळून घेतें. मराठी मजकुराचीहि परीक्षा हवी. छापखान्यांतून आणलेला मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत असेल तर संकेतस्थळावर त्याची निरर्थक अक्षरें होतात. तो पुन्हां टंकून घेण्यावांचून किंवा रूपांतरित करण्यावांचून गत्यंतर नसतें. ‘तंबोऱ्याची दुरुस्ती’ एवढे दोन शब्द निवडलेल्या नमुन्यांत ठळक व बारीक अशा दोन्ही अक्षरांत लिहून पाहिले, तरी ऱ्या व उकार कसे उमटतात तें दिसून येतें.

किंमत विचारतांना दुसऱ्या वर्षाची विचारावी. सवलत बहुधा पहिल्याच वर्षापुरती असते. फुकट योजनेंत आपल्या पानावर कंपनीची जाहिरात झळकते, तिचाहि विचार व्हावा. ज्याचा माल टपालानें जात नाहीं त्यानें विक्रीची टोपली, पैसे भरण्याची सोय असल्या गोष्टींसाठीं जादा रक्कम कां मोजावी? नांव, काम, भाव, वेळ, पत्ता, दूरध्वनि व नकाशा एवढें एका पानावर मावतें, आणि पुष्कळांस तेवढें पुरतें.

मजकूर व मूळ छायाचित्रें यांची एक प्रत संकेतस्थळाबाहेर, घरच्या संगणकांत ठेवावी. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. कंपनीचीं आठवणपत्रें ज्या ई-मेलवर येतात, तो बहुधा नोंदणीच्या दिवसानंतर कोणी उघडलेला नसतो.