परदेशात वाढलेला सतरा मार्च

संत पॅट्रिकचा सण आयर्लंडचा, आणि परदेशातले आयरिश लोक त्याची नक्कल करतात, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास नेमका उलट आहे. १७ मार्च हा पाचव्या शतकातल्या या धर्मप्रसारकाचा स्मृतिदिन. पण त्या दिवशीची मिरवणूक आयर्लंडमध्ये जन्मली नाही. तिची सर्वांत जुनी ज्ञात नोंद १६०१ची, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन या तेव्हाच्या स्पॅनिश वसाहतीतली. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ साली सुरू झाली, तीही ब्रिटिश सैन्यात नोकरीला असलेल्या आयरिश लोकांच्या पुढाकाराने. मायदेशात मात्र हा दिवस चर्चमध्ये जाण्याचा आणि कोटाला शॅमरॉकची पाने लावण्याचा होता. सार्वजनिक सुटी मिळाली ती १९०३ मध्ये, आणि स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके त्या दिवशी पब कायद्याने बंद असत.

हा फरक का पडला, याचे उत्तर १८४५ नंतरच्या दुष्काळात सापडते. बटाट्याचे पीक कुजले, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. अमेरिकेत पोहोचलेल्या या गरीब कॅथलिकांचे स्वागत तिरस्कारानेच झाले. घरी असताना आपण आयरिश आहोत हे कुणाला सांगावे लागत नव्हते. न्यूयॉर्क-बोस्टनमध्ये ते रस्त्यावर उतरून, हजारोंच्या संख्येने सांगावे लागले. मतदारसंघांत या संख्येला वजन आले, तसतशी मिरवणूकही मोठी होत गेली. जेवणही बदलले: गावाकडच्या डुकराच्या मांसाऐवजी कोबीसोबत स्वस्त पडणारे खारवलेले गोमांस आले. शिकागोत १९६२ साली प्लंबरांच्या युनियनने नदीच हिरवी केली. पुढे आयरिश सरकारने १९९५ मध्ये हा दिवस जगापुढे मांडायचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये महोत्सव भरला. परदेशात घडलेले रूप असे मायदेशी परतले.

यावर आक्षेप येतो की, या प्रवासात संत हरवला आणि उरली ती दारू व हिरव्या टोप्या. दारूबाबत तो खरा आहे, आणि गंभीरही. कारण ‘आयरिश म्हणजे दारुडा’ हाच शिक्का पुसण्यासाठी त्या स्थलांतरितांनी सभ्य कपड्यांत, शिस्तीत संचलने काढली होती. पण म्हणून सण घराबाहेर पडला की भ्रष्ट होतो, हा निष्कर्ष मला मान्य नाही. कॅरिबियनमधले मॉन्टसेराट बेट पाहा. तिथे आयरिश वंशाचे मळेवाले गुलाम राबवत होते. म्हणजे स्थलांतरित आयरिश नेहमीच पीडितांच्या बाजूला होते असेही नाही. मालक सणात दंग असतील हे हेरून आफ्रिकी गुलामांनी १७ मार्च १७६८ हा उठावाचा दिवस ठरवला. बेत फुटला आणि नऊ जणांना फाशी झाली. पॅट्रिक स्वतः किशोरवयात ब्रिटनमधून पळवून आणलेला गुलाम होता, सहा वर्षे आयर्लंडमध्ये गुरे राखून निसटलेला. त्याच्या नावाच्या दिवसाचा इतका रास्त अर्थ डब्लिनलाही सापडला नव्हता. मॉन्टसेराटमध्ये १९८५ पासून १७ मार्चला सार्वजनिक सुटी असते, आणि ती त्या उठावाच्या स्मरणार्थ आहे.