श्रीराम अभ्यंकर: पूर्ण वर्गापासून पुढे
श्रीराम शंकर अभ्यंकर (२२ जुलै १९३० – २ नोव्हेंबर २०१२) हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बैजिक भूमितीच्या प्रमुख अभ्यासकांपैकी एक. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ते १९६३ पासून अखेरपर्यंत प्राध्यापक होते. पुण्यातील भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था त्यांनी १९७६ मध्ये स्थापन केली.

त्यांचा जन्म उज्जैनचा. वडील शंकर केशव अभ्यंकर हे गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे पहिले धडे घरीच मिळाले. भास्कराचार्यांचे गणितही त्यांच्या कानावर प्रथम वडिलांकडूनच आले. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली बी.एस्सी. झाल्यावर ते हार्वर्डला गेले. तिथे त्यांना गुरू म्हणून ऑस्कर झारिस्की भेटले. पुढची साठ वर्षे अभ्यंकरांनी जे गणित केले, त्याचा मोठा भाग झारिस्कींनी समोर ठेवलेल्या एका प्रश्नातून निघालेला आहे.

तो प्रश्न विलक्षण बिंदूंचा. य² = क्ष³ हा वक्र काढला तर आरंभबिंदूपाशी त्याला अणकुचीदार टोक येते. आता य = क्ष × झ असे मांडले, तर दोन्ही बाजूंचा क्ष² जाऊन झ² = क्ष उरते. हा साधा अन्वस्त आहे, त्याला कुठेही टोक नाही. अशा आदेशांनी कोणत्याही वक्राची, पृष्ठाची किंवा त्याहून अधिक मितींच्या आकृतीची टोके नाहीशी करता येतील का? नेहमीच्या संख्यांसाठी झारिस्कींनी हे पृष्ठांपर्यंत आणि नंतर तीन मितींपर्यंत केले होते. मात्र एखाद्या मूळ संख्येलाच शून्य मानणाऱ्या अंकगणितात पृष्ठांपाशीच गाडे अडले होते. ती अडचण अभ्यंकरांनी पीएच.डी.च्या प्रबंधात सोडवली. पदवी १९५५ ची, म्हणजे तेव्हा वय जेमतेम पंचवीस.

अडचणीचे मूळ शाळेतल्या वर्गसमीकरणात दिसते. पूर्ण वर्ग करताना मधल्या पदाच्या सहगुणकाला २ ने भागावे लागते. घन करायचा तर ३ ने, न-वा घात करायचा तर न ने. पण ज्या अंकगणितात न हाच शून्य आहे तिथे न ने भागणार कसे? युक्ती संपते आणि तिच्यावर उभी असलेली सगळी पुढची रचनाही कोसळते. अभ्यंकर ही युक्ती आवर्जून श्रीधराचार्यांच्या नावाने सांगत. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. वर्गसमीकरणाचा त्यांचा नियम टिकला तो भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणिता’त उद्धृत केला म्हणून. हा संदर्भ अभ्यंकरांच्या बोलण्यात केवळ अभिमानापोटी येत नसे, त्यांच्या शोधनिबंधांतला कामाचा भाग तोच होता.

झारिस्कींचेच दुसरे शिष्य, म्हणजे अभ्यंकरांचे गुरुबंधू, हैसुके हिरोनाका यांनी १९६४ मध्ये नेहमीच्या संख्यांसाठी हा प्रश्न सर्व मितींत सोडवला आणि त्यांना १९७० चे फील्ड्स पदक मिळाले. अभ्यंकर अवघड बाजूलाच राहिले. १९६६ च्या ग्रंथात त्यांनी तीन मितींचा प्रश्न सोडवला, मात्र २, ३ आणि ५ या मूळ संख्या सोडून.

पर्ड्यूमध्ये त्यांच्याभोवती विद्यार्थ्यांची एक शाखाच तयार झाली. त्झुओंग-त्सिएंग मोह, अविनाश साठ्ये, सुधीर घोरपडे, देवदत्त कुलकर्णी ही त्यांतली काही नावे. मोह यांच्याबरोबरचे १९७५ चे प्रमेय अभ्यंकर–मोह प्रमेय म्हणून ओळखले जाते. ट या एका चलातल्या दोन बहुपदी घ्या. त्या दोघींपासून बेरीज-गुणाकार करून पुन्हा ट मिळवता येत असेल, तर एकीची कोटी, म्हणजे तिच्यातला ट चा सर्वांत मोठा घातांक, दुसरीच्या कोटीला भागतेच. ट² आणि ट³ यांपासून ट मिळत नाही, कारण २ ने ३ ला भाग जात नाही. विधान नववीच्या मुलाला समजावे इतके सोपे, सिद्धता मात्र लांबलचक. तिच्या गाभ्याशी पुन्हा तीच पूर्ण वर्गाची युक्ती आहे, मोठ्या घातांपर्यंत नेलेली. म्हणून न ने भागता येत नाही अशा अंकगणितात हे प्रमेय खोटेही ठरते. इथूनच अभ्यंकर जेकोबियन अटकळीकडे, म्हणजे बहुपदींनी केलेला आदेश बहुपदींनीच कधी उलटवता येतो या प्रश्नाकडे, वळले. ओट-हाइनरिश केलर यांनी १९३९ मध्ये मांडलेला हा प्रश्न त्यांनी अनेक विद्यार्थ्यांना लावून दिला. मोह यांनी दोन चलांसाठी तो कोटी १०० पर्यंत तपासून खरा ठरवला. सर्वसाधारण प्रश्न मात्र अभ्यंकरांच्या हयातीत सुटला नाही.

अध्यापनातला त्यांचा आग्रह एकच होता: शाळेतले बीजगणित हेच खरे बीजगणित. गट, वलये, क्षेत्रे ही महाविद्यालयीन पायरी आणि त्यापुढची अतिअमूर्त यंत्रणा ही विद्यापीठीय पायरी, अशी त्यांची विभागणी असे, आणि ते स्वतःला पहिल्या, शालेय पायरीवर बसवत. बहुपदी आणि घातमालिका यांची बाजू घेऊन त्यांनी विनोदी कवितासुद्धा लिहिली. या भूमिकेचा ‘हिस्टॉरिकल रॅम्बलिंग्ज इन अल्जिब्राइक जॉमेट्री अँड रिलेटेड अल्जिब्रा’ हा १९७६ चा लेख गाजला. त्याबद्दल त्यांना १९७८ चे शोव्हने पारितोषिक मिळाले. १९९० चे ‘अल्जिब्राइक जॉमेट्री फॉर सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स’ हे पुस्तकही त्याच वृत्तीचे, आणि चंद्रजित बजाज यांच्याबरोबर संगणकावर वक्र व पृष्ठे मांडण्याचे कामही.

अर्थात शाळेचे बीजगणित म्हणून कोणी १९६६ चा ग्रंथ उघडला तर त्याची फसगत होईल. उपकरणे साधी आहेत, वाट साधी नाही; पानेच्या पाने चालणाऱ्या आकडेमोडीत चांगले जाणकारही थकतात. अमूर्ततेला त्यांनी केलेला विरोधही अंमळ ताणलेला होता. १९५७ मध्ये त्यांनी मूळ संख्येच्या अंकगणितातल्या वक्रांच्या आच्छादनांसाठी कोणते सांत गट मिळतात याविषयी एक अटकळ मांडली. ती १९९४ मध्ये मिशेल रेनो आणि डेव्हिड हार्बेटर यांनी सिद्ध केली व दोघांना १९९५ चे कोल पारितोषिक मिळाले. त्या सिद्धतांमध्ये अभ्यंकर ज्या यंत्रणेपासून दूर राहिले तीच वापरलेली आहे. त्यांचे स्वतःचे उत्तर वेगळे होते: एकेका गटासाठी हाताने लिहिता येईल असे समीकरण शोधून देणे. नव्वदीच्या दशकातले त्यांचे अनेक निबंध अशाच समीकरणांचे आहेत.

पुण्याशी त्यांचा संबंध नुसत्या सुट्टीपुरता नव्हता. काही काळ ते पुणे विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. विधी महाविद्यालय रस्त्याजवळच्या दामले पथावरील प्रतिष्ठानात संशोधन, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वर्ग आणि गणित ऑलिम्पियाडची तयारी या गोष्टी एकाच छपराखाली आल्या. आंतरराष्ट्रीय कीर्तीचा संशोधक आणि शाळकरी मुलगा एकाच फळ्यासमोर बसू शकतात, ही सोय महाराष्ट्रात फारशी कुठे नव्हती.

सत्तराव्या वाढदिवसानिमित्त २००० साली पर्ड्यूमध्ये परिषद भरली, तिचा ग्रंथ २००४ मध्ये निघाला. वयाच्या ऐंशीनंतरही ते शिकवत होते. २ नोव्हेंबर २०१२ रोजी पर्ड्यूजवळच्या राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. २, ३ आणि ५ या वगळलेल्या मूळ संख्यांसह तीन मितींचा प्रश्न त्याआधीच, २००८–०९ मध्ये, व्हँसाँ कोसार आणि ऑलिव्हिए पिल्तां या फ्रेंच गणितज्ञांनी पूर्ण केला होता. चार मितींचा प्रश्न अभ्यंकर गेले तेव्हा अनिर्णितच होता.